पूर्ण वाच, मग बोलू

त्या कादंबरीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुमच्यातले निम्मे जण उठून बसतील आणि मला समजवायला लागतील, की अहो बाई, तुम्ही ती नीट वाचलीच नाहीत. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि तेच मला छळतं.

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत त्या वर्षी त्या पुस्तकाची साथच आली होती. लिफ्टमध्ये शिरावं तर चौथ्या मजल्यावरची मालवणी बाई हजर. "वाचलंस काय गो? वाच, वाच. डोळ्यांक पाणी येतला." पार्लरमध्ये भुवया करून घेताना तेच. दातांच्या डॉक्टरकडे गेले तर तिथली रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, एकदा वाचाच, लाइफ बदलून जाईल. माझ्या तोंडात कापूस होता, म्हणून ती वाचली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोज कोणीतरी त्यातलं एक वाक्य टाकायचं आणि खाली हात जोडलेल्यांची रांग.

तुला जगाला आवडतं ते आवडतच नाही, असं माझा नवरा म्हणतो. काहीतरीच. मला वडापाव आवडतो, गणपती आवडतात, मालिकासुद्धा मी बघते. पण पुस्तकातलं रडणं मला सोसत नाही. त्याला कारण आहे. मी बत्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते, त्यातली शेवटची दहा दिंडोशीला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, न्यायाधीश त्यातलं काय घ्यायचं ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. संसार मोडलेल्या बाया किती साध्या बोलतात माहितीये? "तो आला. जेवला. मग मला बाहेर काढलं." बस. मध्येच कोणी रडली तर आम्ही एक ओळ टाकायचो, साक्षीदार रडत आहे. आणि पुढचा प्रश्न. इतकी वर्षं हे टाइप केल्यावर चांदण्यात साडेतीन पानं रडणारी नायिका माझ्याच्याने वाचवत नाही. तिचे अश्रू पण कसे, तर मोत्यांसारखे. अगं बाई, नाक पूस आधी!

तर मी ती वाचणार नव्हते. पण मग माझ्या ताईने ती दिली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मुलुंडला राहते. वडील गिरणीतून घरी बसले तेव्हा तिने कॉलेज सोडून नोकरी धरली आणि माझी फी भरली, हे ती कधी बोलून दाखवत नाही आणि मीही काढत नाही. आम्ही दोघी बहिणी असूनही आमच्यात बोलणं म्हणजे भाजी काय केलीस, गुडघा कसा आहे, एवढंच. त्यालाही कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमचे भावोजी.

पुस्तकाच्या त्या वर्षाच्या अकरा वर्षं आधी भावोजी घर सोडून गेले. ठाण्यात दुसऱ्या एका बाईकडे राहायला. चार वर्षं तिथे होते. ही गोष्ट आमच्या घरात एकदाही, एकदाही कोणाच्या तोंडून निघाली नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, कंपनीने नाशिकला पाठवलंय. आई तेच सांगायची, ताई तेच सांगायची, लग्नाकार्यात मीही तेच सांगत फिरले. आणि मग एक दिवस भावोजींच्या हृदयावर ऑपरेशन झालं आणि डिस्चार्ज मिळाल्यावर ते पिशवी घेऊन मुलुंडच्या घरी आले. ताईने दार उघडलं. नाशिकची बदली संपली, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

मी तेव्हा फणफणत तिच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात तिला गाठलं आणि म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का गं? घेतलंस कसं याला घरात?" ती गॅसकडे बघत म्हणाली, "चहा टाकू का?" मी चहा न पिता निघून आले. तेव्हापासून माझ्या मनात तिच्याबद्दल एक राग बसला तो बसलाच. माझी बहीण पायपुसणं निघाली, असं मला वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण मनात हाच शब्द यायचा.

आणि आता ही ताई, जिने आयुष्यात मला कधी पुस्तक दिलं नाही, ती राखीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आली आणि पिशवीतून ते जाडजूड धूड काढून माझ्या हातात ठेवलं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं, शाळेत घालायची तसंच. मी म्हटलं, "तू पण? अख्खं गाव वेडं झालंय यार या पुस्तकापायी."

ती हसली नाही. म्हणाली, "वाच ना गं. पण पूर्ण वाच. मग बोलू."

मी "हो" म्हटलं. ती गेल्यावर सत्तर पानं वाचली. मग माझी जुनी खोड, शेवटची दोन पानं वाचून टाकली. कळलं सगळं. नवरा सोडून जातो, नायिका वाट बघते, नवरा परत येतो, शेवटी देवळात घंटा वाजते आणि सगळ्यांचं भलं. मधली चारशे पानं वाचायची गरजच काय? पुस्तक टीव्हीच्या खाली ठेवून दिलं.

पुढच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी वाचनाचा कार्यक्रम होता. आमच्या काही बायकांनी गट काढलाय, पोहे असतात, चहा असतो. विषय अर्थातच ही कादंबरी. एकेक जण उठून, कोणी नायिकेने चार वर्षं वाट बघितली त्यावर, कोणी ती परतलेल्या नवऱ्याचे पाय धुते त्यावर, बोलत होती आणि रडत होती. सेक्रेटरीची बायको तर एवढी रडली की तिला पाणी द्यावं लागलं. माझं डोकं फिरत चाललं. मग कोणीतरी म्हणालं, "आता तुम्ही बोला, तुम्ही एवढं वाचता."

मी उठले. मनात होतं की दोन शब्द बोलून बसायचं. पण पहिल्याच वाक्याला लोक हसले आणि मग मला चेव चढला. मी नायिकेची नक्कल केली, पदर तोंडात धरून, हात थरथरवून. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मी म्हटलं, "चार वर्षांनी नवरा दारात आला, तर ही त्याचे पाय धुते! अपमान कशाशी खातात ते या बाईला माहीतच नाही. आणि हिला आपण आदर्श म्हणायचं? माझी बहीण असती ना, तर दोन कानाखाली काढल्या असत्या तिच्या!"

टाळ्या. कितीतरी टाळ्या.

देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी ताई माझ्या डोक्यात नव्हती. बोलण्याची पद्धत असते ना एकेकाची, तसं ते तोंडातून गेलं. का होती डोक्यात? गेली काही वर्षं मी हे स्वतःला विचारतेय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

कोणीतरी फोनवर सगळं शूट केलं होतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपवर होता आणि दोन दिवसांत कुठे कुठे गेला कोण जाणे. माझ्या वाकोल्याच्या मावसबहिणीचा फोन आला, "झकास बोललीस गं, मी सगळ्यांना पाठवला." मी खूश. खोटं कशाला बोलू, मी तो व्हिडिओ स्वतः पाच-सहा वेळा बघितला. "सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?" हे मी मावसबहिणीला विचारलं नाही.

आठवड्याने ताईचा फोन आला. गुडघा कसा आहे, भाजी काय केलीस. आवाज नेहमीचाच. मग म्हणाली, "ते पुस्तक झालं असेल तुझं तर दे परत. शेजारणीला हवंय." मी म्हटलं, "आणून देते." व्हिडिओबद्दल ती काही बोलली नाही. मी फोन ठेवला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. चार वर्षं. नवरा परत आला. माझी बहीण असती तर.

पुस्तक टीव्हीखालून काढलं. पुसावं म्हणून उघडलं तर मधोमध उघडलं, आणि समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. ताईचं अक्षर. बारीक, उभं.

नायिकेचा नवरा घर सोडतो तिथून ते सुरू होत होतं. सत्तराव्या पानाच्या बरंच पुढे. नायिका दारात कोसळते, तिथे ताईने लिहिलं होतं, "मी दार लावून घेतलं आणि कुकर लावला." नायिका रात्रंदिवस त्याची वाट बघते, तिथे फक्त "खोटं." नायिकेची आई तिला जवळ घेते, तिथे, "आई म्हणाली नाशिक सांग." एका पानावर, "धाकटीला सांगायचं होतं. ती चिडली असती." आणि जिथे ती बाई नवऱ्याचे पाय धुते, माझ्या नकलेतली ती जागा, तिथे सगळा समास भरला होता. "मी पाय धुतले नाहीत. त्याला सांगितलं, तुझी खोली वेगळी, ताट तुझं तू वाढून घे. दुखणं आहे म्हणून राहा. मी बोलणार नाही. सात वर्षं झाली, मी बोलले नाही."

मी जमिनीवर बसूनच वाचत राहिले. चारशे पानं वाचली, पण नायिकेची एकही ओळ नाही. फक्त समास. मला वाटत होतं की भावोजींच्या घरात सगळं गोडीगुलाबीने चाललंय. मी दिवाळीला जायचे, पाडव्याला जायचे, समोर बसून जेवायचे. ताई त्यांच्याशी बोलत नाही हे मला सात वर्षांत दिसलं नाही. परक्या बायकांच्या जबान्या मी बत्तीस वर्षं टाइप केल्या, स्वल्पविरामसुद्धा चुकू दिला नाही.

आणि सगळ्यात कडू गोष्ट सांगू? तिलाही ते पुस्तक पटलं नव्हतं. पानोपानी ती त्या नायिकेशी भांडत होती. आम्ही दोघी बसून त्या बाईची मस्त खिल्ली उडवली असती. तिने त्यासाठीच दिलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेले. भावोजी हॉलमध्ये टीव्ही बघत होते. "या या," म्हणाले. मी सरळ आत गेले. ताई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "ताई, वाचलं मी. सगळं वाचलं गं."

तिने हात पुसले. पुस्तक उघडलं, पान बघितलं. मग फळीवरच्या डब्यातून एक खोडरबर काढलं, नातवाचं असावं, हिरवं, गाडीच्या आकाराचं. स्टुलावर बसली आणि पहिल्यापासून एकेक समास खोडायला लागली.

"काय करतेस? नको ना खोडूस."

"शेजारणीला द्यायचंय," ती म्हणाली. "लोकांनी कशाला वाचायचं?"

"मला ठेव ते. मी तिला दुसरं घेऊन देते. ताई, ऐक ना. मी चुकले. मला माहीत नव्हतं."

बाहेरून भावोजींनी आवाज दिला, "काय झालं? कसली चर्चा चाललीये?" ताईने उत्तर दिलं नाही. या वेळी ते मला ऐकू आलं. मीच ओरडून म्हटलं, "काही नाही, कादंबरीबद्दल बोलतोय."

तिने पाय धुण्याचं पान काढलं. तिथे तिला वेळ लागला, अक्षर दाबून लिहिलेलं होतं. कागद पातळ होईपर्यंत घासलं. मग पुस्तक उभं धरून झटकलं आणि मांडीवरचा चुरा तळहातात गोळा केला.

मी म्हटलं, "पूर्ण वाच, मग बोलू, म्हणाली होतीस ना? मी वाचलंय. बोल आता."

ती उठली, चुरा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आधीच बोललीस." आणि मग, "चहा टाकू का?"

या वेळी मी चहा प्यायले. सगळा.