उजवा कौल

हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला ते पटेचना. छातीत एकदाही कळ आली नव्हती. विक्रोळीच्या आमच्या इमारतीचा जिना चढताना धाप लागायची, एवढंच. जुन्या मधुमेहात हृदयाचं दुखणं कळतच नाही, असं ते म्हणाले. वरवर मी त्यांच्याशी हुज्जत घालत होते, पण खरी भीती छाती उघडण्याची होती.

तशात शेजारणीकडून कळलं, मुलुंडला सुया टोचून, काढे देऊन चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. मला हायसं वाटलं. आमचे हे म्हणाले, "वेडी झालीस का गं? हार्ट आहे ते, कंबरदुखी नाही." पण मी ऐकते कुणाचं! थेट गावच्या गुरवांना फोन लावला आणि देवीला कौल लावायला सांगितला. आमच्याकडे ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना चिकटवतात. उजवी आधी पडली की होकार. मुलुंडच्या बाईंकडे जाऊ का, एवढंच विचारलं. ऑपरेशनचं नावही काढलं नाही. थोड्या वेळाने फोनवर गुरवांचा आवाज आला, "उजवो दिल्यान गो बाये! बिनघोर जा." मी यांच्याकडे असं काही पाहिलं की बिचारे माझ्यासोबत मुलुंडला यायला निघाले.

बाई चिनी असतील असं मला उगाच वाटलं होतं. निघाल्या चांगल्या मराठी. त्यांनी जीभ पाहिली, रिपोर्ट वाचले, मग मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहत बसल्या. सुयांची डबी उघडलीच नाही.

"ताई, आज मी सुई लावणार नाही. या नळ्या सुयांनी मोकळ्या होत नाहीत. आधी ऑपरेशन करून घ्या, मग या."

"अहो, देवीने पाठवलंय मला तुमच्याकडे!"

माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. "मग तिचं ऐका ना," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. डॉक्टरांचं नाही, नवऱ्याचं नाही, पण या एका बाईंचं ऐकायचं असं मी घरूनच ठरवून निघाले होते. यांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, मधुमेहामुळे पायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी मी बाईंकडून सुया टोचून घेतल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत म्हणून काढा मात्र त्यांनी दिला नाही. आता जिना चढते, सावकाश.

हा चमत्कार की योगायोग, मला सांगता येत नाही. खरं तर मी देवीला विचारलंच कुठे होतं? माझंच ठरलेलं तिच्याकडून वदवून घेत होते. तिने तो हट्ट पुरवला, आणि त्याच वाटेने मला वाचवलं. तिचे उपकार कसे फेडू?

यंदा गावी गेले. गुरवांनी सवयीने पाकळ्या ओल्या केल्या आणि विचारलं, "काय इचारूचा आसा गो?"

मी म्हटलं, "कायच नाय. ओटी भरूक इलंय."