जिन्याच्या कठड्याचं चित्र

ते प्रकरण आठवलं की अजूनही डोकं तापतं. मी तेव्हा निजामाच्या पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार, होतो. उमापूरकडच्या एका जमीनदाराने नवी माडी बांधायला काढली होती. जिन्याच्या लोखंडी कठड्यासाठी त्याने मुंबईहून एक जुनं विलायती चित्र आणलं होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. मधोमध कलश, दोन्ही बाजूंनी वळत गेलेली द्राक्षवेल. लोहाराने दोन जाळ्या घडवून जिन्याला बसवल्या आणि चित्र गायब झालं.

त्यातच खबर आली की लोहाराने ते माजलगावच्या एका शेटजीला विकलं. लोहाराच्या घराच्या झडतीत नुसती राख आणि कोळसा निघाला, शेटजीकडेही काही सापडलं नाही. तरी जमीनदाराच्या वशिल्याने वरून हुकूम आला आणि लोहाराला कोठडीत घालावं लागलं.

"चित्र कुठं हाय?" मी विचारलं.

"साहेब, रोज सांजच्याला मालकिणीच्या हातात देत होतो. त्या दिवशी बी दिलं."

मालकिणीचा जबाब मागितला तर जमीनदार माझ्यावरच उखडला. "आमच्या बायका जबाब देत न्हाईत, अमीनसाब! जिन्याचं चित्र लोहाराबिगर कुणाच्या कामाचं हाय?"

मी हात हलवत परत आलो. लोहाराची बायको रोज ठाण्याच्या दारात रडत बसायची. लोहाराला बीडला पाठवायची वेळ आली, तसा मी वैतागून पुन्हा माडीकडे गेलो. जमीनदार पूजेला बसला होता, म्हणून अंगणात थांबलो. समोर रांगोळी होती. कलश, द्राक्षवेल, सगळी ठिपक्याठिपक्यांची. वर जिन्याकडे पाहिलं. तीच वेल!

मी दाराशी जाऊन मोठ्याने म्हणालो, "बाई, चित्र द्या. न्हाईतर उद्या लोहार बीडच्या तुरुंगात जाईल."

दाराआडून चित्र धरलेला एक हात बाहेर आला. चित्राला सुईने बारीक भोकं पाडून रांगोळीचा छाप केला होता.

"भोकं पाडली आन् मग भ्याव वाटलं," आतून आवाज आला. "मालक लई चिडले असते."

जमीनदार धावत आला. "पंचनाम्यात बाईचं नाव नको. लोहारानं परत केलं, असं लिवा."

माझं टाळकंच फिरलं. चित्र फिर्यादीच्या घरात मिळालं, असंच मी लिहिलं आणि लोहाराला सोडलं. कठडा पुरा करायला जमीनदाराने दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावणं धाडलं. लाज कशी नाही वाटत माणसाला?

लोहार जप्त केलेली हत्यारं न्यायला ठाण्यात आला, तेव्हा मी म्हणालो, "आता निवांत राहा."

"कसा राहू, साहेब? पोरं पाण्याला गेली तर लोक म्हणत्यात, चोराची पोरं आली."

पुढे फिर्याद कितीही बड्या माणसाची असो, मी आधी त्याच्या घरातल्यांचे जबाब घ्यायचो, बायकांचेही. पुष्कळ जण चिडले. चिडेनात का! त्या लोहाराला मात्र, निर्दोष सुटूनही, बिऱ्हाड पाठीवर घेऊन गाव सोडावं लागलं.