सपत्नीक सत्कार

'सपत्नीक' या शब्दाची मला किळस येते. निमंत्रणपत्रिकेवर येवो, फ्लेक्सवर येवो, नाहीतर सूत्रसंचालकाच्या तोंडी. अर्थ एवढाच: नवऱ्याला शाल, श्रीफळ, मानपत्र; बायकोला ओटी. आमच्या परळ-लालबागच्या मंडळांत ही पद्धत इतकी मुरलीय की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझ्याही येत नव्हती, आणि मी तर भाडेकरूंच्या लढ्यात चार वर्षं पत्रकं लिहून स्वतःला मोठी डोळस समजत होते.

शेजारच्या मंडळाने एका नामवंत चित्रपट दिग्दर्शकाचा सत्कार ठरवला. माणूस लालबागच्या चाळीत वाढलेला, म्हणून 'आपला'. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. माहिती घ्यायला त्यांच्या शिवाजी पार्कच्या घरी गेले, तेव्हा साहेब आतल्या खोलीत फोनवर होते, आणि तासभर तिथेच राहिले. त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि माझ्यासमोर बसल्या.

"तूच लिहिणार ना? मग सांग, त्यात माझं काय आहे?"

"आहे ना काकू. तुमची साथ वगैरे..."

"साथ तबलेवाला देतो गं. मी कामं केलीत."

मग त्या सांगत गेल्या. गिरगावातली मुलगी, ऑफिस सुटलं की बस पकडून परळला तालमीला यायची. गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस हिला, आणि त्याच नाटकाच्या दिग्दर्शकाला काहीच नाही. त्याच्याशीच लग्न केलं. त्याच्या पहिल्या चित्रपटात ही नायिका. दुसऱ्यात नायिकेची मोठी बहीण. तिसऱ्यात दोन प्रसंग, तेही पोट दिसू नये म्हणून धान्याच्या कणगीमागे उभं करून. चौथ्याला हिंदीतली मोठी नटी आणली. तिला मराठीचा गंध नाही. मग तिचा अख्खा आवाज हिने दिला. बाळ चार महिन्यांचं, सासू त्याला घेऊन डबिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसायची. पडद्यावर हिचं नाव नाही. नावांची पाटी आधीच तयार झाली होती म्हणे!

"त्या बाईला पुरस्कार मिळाला," काकू म्हणाल्या. "शेवटच्या प्रसंगातल्या रडण्याबद्दल. रडणं माझं होतं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या."

"मग काम बंद कुणी केलं?"

"बंद कुणी नाही केलं. विचारायचं बंद केलं."

निघताना दारात त्यांनी माझा हात धरला. "एकच ओळ घाल. ही नटी होती, एवढंच. माझ्याबरोबर कामं केलेली दोन-चार माणसं येतील त्या हॉलमध्ये. त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने वाचलं जाऊ दे."

"घातली समजा," मी म्हटलं.

घातलीही. एक नाही, दोन ओळी. त्या मानपत्रातल्या तेवढ्या दोनच ओळी खऱ्या होत्या, बाकी सगळा मुलामा.

मंडळाच्या कार्याध्यक्षांनी कागद वाचला. "ह्या काय मधीच?"

"दादा, त्या फार चांगल्या नटी होत्या."

"असतील गो बाय. पण मानपत्र कोणाचं? तिची ओटी भरतोय ना आपण? पैठणी आणलीय, साधी नाय! आणि फ्रेममधे सतराच ओळी बसतात, तुझ्या झाल्यात एकोणीस."

"मग साहेबांच्या दोन कापते."

ते हसले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. "रविवारी तुमच्या भाडेकरूंची मीटिंग आमच्याच हॉलमधे ना गो?"

बस्स. एवढंच. धमकी म्हणावी तर धमकीही नव्हती. मी पेन काढलं. दोन्ही ओळी कापल्या आणि वाक्य तुटायला नको म्हणून वरच्याच ओळीत 'सहधर्मचारिणीची समर्थ साथ' एवढं कोंबलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच हाताला सुचलं, एका झटक्यात. पत्रकात एक ओळ वाढली की दुसरी कापायची, ही आमची शिकवण. हात तयार झालेला असतो. स्वतःला सांगितलं, अख्ख्या चाळीच्या घरांपुढे एका बाईची एक ओळ ती काय! रविवारी मीटिंग झाली. मी घसा बसेपर्यंत बोलले. पहिली मागणी होती सन्मानाने जगण्याच्या हक्काची. टाळ्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात सत्कार झाला. सूत्रसंचालक आवाज लावून मानपत्र वाचत होता. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पाठ ताठ, पदर सारखा केलेला. विंगेत उभं राहून आपल्या एन्ट्रीची वाट बघणारं माणूस असंच दिसत असणार. 'समर्थ साथ' आलं आणि गेलं. काकू तशाच बसून राहिल्या, पुढचं ऐकत. पुढे तारीख होती आणि मंडळाचं नाव.

मग साहेब बोलायला उठले. "बाहेर मी डायरेक्टर, पण घरी डायरेक्टर ही!" हॉल खदखदून हसला. साहेब थांबले, हशा ओसरू दिला. टायमिंग मोठं पक्कं होतं.

"आता आपल्या लाडक्या वहिनींची ओटी..." सूत्रसंचालकाने पुकारलं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे ओटी भरायचा मान मला नाही, पण ताट धरायला चालते. मी ताट धरून उभी राहिले. कार्याध्यक्षांची बायको तांदूळ घालत होती, नारळ, खण, वर ती पैठणी. काकूंनी पदर पसरला आणि फोटोवाल्याकडे बघून हसल्या. चाळीस वर्षांत त्यांना मिळालेली ही मोठी भूमिका, आणि त्यांनी ती उत्तम केली.

स्टेजवरून उतरल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"अगं, माझी ओळ वाचली का? मध्येच कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, मला नीट ऐकू नाही आली."

मध्ये कुणीही टाळ्या वाजवत नव्हतं. मानपत्र संपेपर्यंत हॉल गप्प होता.

"वाचली ना काकू," मी म्हटलं. "टाळ्यांतच गेली."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. तिसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठत होते, बाजूला तेवढ्याच वयाची एक बाई. काकूंनी त्यांना लांबूनच ओळखलं.

"आलेत की! थांब हं, त्यांनी ऐकली असेल. विचारते."

ओटी सांभाळत त्या त्या दोघांकडे निघाल्या. मी ताट पहिल्या खुर्चीवर ठेवलं आणि मागच्या जिन्याने खाली उतरले.