मारतहळ्ळीच्या पार्किंगमध्ये उघडलेलं इंजिन

मिरजेला गाडीत बसले तेव्हा माझ्या एका पिशवीत कपडे होते आणि दुसरीत पाने, पक्कड, फट मोजायचं फीलर गेज आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. समोरच्या बाईंनी दुसरी पिशवी सरकवायचा प्रयत्न केला आणि ती जागची हलेना.

"लेकाकडे चाललात वाटतं? लोणचं का एवढं?"

"नाही, पाने आहेत. इंजिन उघडायचंय."

बाई कसनुसं हसल्या आणि बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

इंजिन माझ्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं. मी तासगावच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा ती घेतली आणि सांगलीहून रोज जाऊन-येऊन केलं. गॅरेजवाले पहिल्यापासून "मॅडम, मिस्टरांना पाठवा" म्हणायचे. त्या रागापायी मी शाळेतल्या कार्यशाळेच्या सरांकडून सगळं शिकून घेतलं आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत एक लेथवाला सोडला तर त्या इंजिनाला परक्या माणसाचा हात लागू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा निखिल नोकरीसाठी बंगळूरला गेला. त्याने हट्ट धरला म्हणून गाडी त्याच्या नावावर करून दिली. आणि गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला: "आई, इंजिन जाम झालं. जुनंच झालं होतं गं. एक कॅफेवाला भिंतीवर टांगायला मागतोय. मी हो म्हटलंय, पुढच्या रविवारी अकराला येतील ते."

भिंतीवर! माझी गाडी, आणि तिच्याखाली बसून लोक कॉफी पिणार! मी म्हटलं, "रविवारपर्यंत ती चालू झाली तर?" तो म्हणाला, "तर नाही देणार. पण होणार नाही ती." मी त्याच दिवशी तिकीट काढलं आणि गुरुवारी सकाळी बंगळूरला उतरले.

स्टेशनवरून मारतहळ्ळीला पोचायला दीड तास लागला. रिंगरोडवर रिक्षा इतक्या सावकाश सरकत होती, की शेजारच्या मोटारीतल्या मुलीचा लॅपटॉप मला बसल्याजागी वाचता आला. निखिलची इमारत नऊ मजली. तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात गाडी उभी होती आणि टाकीवर धुळीचा थर होता. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. चहाही न घेता मी फरशीवर पुठ्ठा अंथरला.

लगेच वॉचमन आले. "अम्मा, इल्ली रिपेरी माडबारदु" (इथे दुरुस्ती करायची नाही). निखिलने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये गयावया केली. शेवटी तोडगा निघाला: तेल सांडायचं नाही आणि संध्याकाळी सहानंतर पान्याचा आवाज करायचा नाही. "सरी," मी म्हटलं. सरी म्हणजे ठीक आहे. बंगळूरमध्ये मी शिकलेला हा पहिला शब्द, आणि तो दिवसभर पुरला.

हेड काढलं, सिलिंडर वर ओढला. आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे उभे ओरखडे पडले होते. पिस्टन एका बाजूने घासून चकचकीत झालेला. सगळं कोरडं ठणठणीत. या गाडीच्या पेट्रोलमध्ये वंगणाचं तेल मिसळावं लागतं. हल्लीच्या गाड्यांना ते लागत नाही, त्यामुळे हल्लीच्या मुलांच्या ते लक्षातही राहत नाही.

"तेल घालत होतास ना रे?"

"घालत होतो ना," तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला.

पण इंजिनाने मला सगळं सांगितलं होतं.

शुक्रवारी सिलिंडर पिशवीत घालून शिवाजीनगर गाठलं. बसस्टँडमागच्या गल्लीत खंडोजीअण्णांचं लेथचं दुकान आहे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात, घरात मराठी, पण त्या मराठीत कन्नड मिसळलेलं. अण्णांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं.

"पिस्टन कुठे, अक्का?"

"तो बोअर मारून झाल्यावर घेईन ना?"

"अय्यो! पिस्टन हाती नाही तर बोअर कुणाच्या मापाचा मारू मी? आधी पिस्टन घेऊन या, मग बोला."

मी शरमले. सांगलीतही हाच नियम आहे. नवा पिस्टन मोजायचा आणि त्याला हवी तेवढी फट ठेवूनच सिलिंडर आतून खरवडायचा, म्हणजेच बोअर मारायचा. घाईत माझं भान सुटलं होतं. मग दुपारपर्यंत मी जुने सुटे भाग विकणाऱ्यांचे उंबरे झिजवले. सहा दुकानांत नकार मिळाला. सातव्या दुकानात माळ्यावरच्या खोक्यात एक पिस्टन निघाला, रिंगा आणि पिन-लॉकच्या पाकिटासकट. पण तो सगळ्यात मोठ्या मापाचा होता.

अण्णांनी तो मोजला, सिलिंडर मोजला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अक्का, आधी तीनदा बोअर झालाय याचा. हा चौथा. याच्यापुढे माप नाही आणि भिंतही उरणार नाही. पुन्हा जाम झालं, तर खरंच टांगा भिंतीला."

"मारा," मी म्हटलं.

"सरी. स्वल्प (थोडं) थांबावं लागेल. इडली खाऊन या."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात ताटलीएवढी पसरट इडली मिळाली, तट्टे इडली म्हणतात तिला. वर लोण्याचा गोळा, शेजारी पातळ चटणी. मला भूक होती, पण घास काही उतरेना. लेथचा आवाज तिथपर्यंत येत होता आणि माझं सगळं लक्ष तिकडे. परत गेले तेव्हा सिलिंडर आतून आरशासारखा झाला होता.

अण्णांनी तो कागदात गुंडाळला आणि दोन गोष्टी बजावल्या. "लॉक नवीनच घालायचे, दोन्ही. जुना लॉक सुटला तर एका मिनिटात हा बोअर खाईल. आणि पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. कुणीही सांगू दे."

हे लॉक म्हणजे तारेची दोन छोटी कडी. पिस्टनमधून आरपार जाणारी पिन ती दोन्ही बाजूंनी अडवून धरतात.

शनिवारी सकाळी जोडणीला बसले. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला केला, रिंगा तेलात बुडवल्या, बोटांनी दाबून एकेक आत सरकवली. निखिल विजेरी धरून उभा होता. सिलिंडर, गॅस्केट, हेड, मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून आवळत नट. चार वाजता पेट्रोलमध्ये मोजून तेल घातलं आणि किक मारली. आठव्या किकेला गाडी पेटली. तळघर निळ्या धुराने भरलं. निखिलने मला मिठी मारली, वॉचमनही लांबून हसले. मला रडूच आलं.

सहाला पसारा आवरताना सुटे भाग ठेवलेल्या डब्याच्या झाकणात काहीतरी खुळखुळलं. उलटं केलं तर हातावर दोन लॉक पडले, एक जुना आणि एक नवा. याचा अर्थ एका बाजूला मी जुनाच बसवला होता. काढलेले आणि नवे एकाच झाकणात ठेवायचा हा गाढवपणा मी विद्यार्थ्याने केला असता तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

गाडी तर चालू होती. उद्या अकराला किक मारून दाखवली असती, तर मी जिंकले असते. पण जुना लॉक महिन्याभराने सुटला असता, रिंगरोडवर, निखिल गाडीवर असताना.

"उद्या परत उघडायचं," मी म्हणाले.

"आई, अकराला येणार आहेत ते! उघडी दिसली तर घेऊन जातील."

"तर सातला सुरू करू."

रविवारी साडेनऊला आम्ही जुन्या लॉकपर्यंत पोचलो. मी तो पक्कडीने ओढला, तो टणकन उडाला आणि पार्किंगमध्ये कुठेतरी गेला. इंजिनाच्या तोंडात मी चिंधी कोंबली होती, पण तो कुठे गेला हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नव्हते. आत पडला असेल तर सगळंच संपलं. निखिल विजेरी घेऊन शेजाऱ्यांच्या मोटारींखाली सरपटू लागला. अकरा वाजले. टेम्पो आला.

कॅफेवाला तरुण होता, आणि नम्र. त्याने सुटे भाग पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "आंटी, ये तो और अच्छा है! ऐसे ही खुला हुआ टांगेंगे."

मी हातातला पिस्टन खाली ठेवला नाही. पण बोलायचा हक्क माझा नव्हता. गाडी निखिलची, शब्द निखिलचा, आणि अट होती ती गाडी चालू असण्याची; ती तर बंद होती.

निखिल मोटारीखालून बाहेर आला. कोपरापासून केसांपर्यंत काळा.

"सॉरी, मैं नहीं दे सकता."

"भाई, आपने हाँ बोला था. टेम्पो लेके आया हूँ मैं."

"बोला था. गलती मेरी है. इंजिन पुराना नहीं हुआ था, मैंने बिना ऑईल के चलाया. माँ से भी झूठ बोला."

माझ्याकडे तो बघत नव्हता. कॅफेवाला वैतागला, आणि त्याला वैतागायचा अधिकारच होता. निखिलने टेम्पोचं भाडं भरलं, चार शब्द ऐकून घेतले आणि पुन्हा मोटारीखाली शिरला. मी चिंधीने पिस्टन पुसत राहिले. जरा वेळाने मागच्या चाकाशेजारून आवाज आला, "सापडला!" दोन वाजता गाडी पुन्हा पेटली, या वेळी दोन्ही नव्या लॉकांवर.

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. निखिल म्हणाला, मोटरसायकलवरूनच सोडतो. निघायला उशीर झाला होता, पण रविवार असल्याने रस्ता चक्क मोकळा होता. अण्णांनी बजावलेलं मी त्याला सांगितलं होतं; त्याने काटा चाळीसवर नेला आणि तिथेच धरला. रिक्षा पुढे गेल्या, पाण्याचा टँकर पुढे गेला, एका आजोबांची स्कूटर हॉर्न देत पुढे गेली. मी घड्याळ बघितलं. सोमवारी शाळेत परीक्षा होती.

"निखिल, पन्नासनं ने जरा. पाच मिनिटांनी काही होत नाही."

"नाही."

"अरे, मीच सांगतेय ना!"

"तू सांग, नाहीतर कुणीही सांगू दे. चाळीस म्हणजे चाळीस."

आम्ही फलाटावर धावत पोचलो तेव्हा शेवटचा डबा पुढे निघून चालला होता.

दुसऱ्या दिवशी बसने सांगलीला आले. परीक्षा बुडवल्याबद्दल मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी कागद पुढे ओढला. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या गाडीला जपणारी मी एकटीच. मग सरळ लिहिलं: गाडी माझ्या मुलाने चुकवली, आणि त्याने केलं ते बरोबर होतं.