ओली गिटार

जगात पूर्ण वाळलेली अशी एकही वस्तू नाही, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो मे महिन्यातही नागपूर सोडून कुठे जात नाही. माझी मैत्रीण चंदना हिचे ते वडील. लकडगंजात त्यांची लाकूड चिरायची आरामशीन आहे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून येईल अशा भर दुपारी, कूलरच्या टाकीत थेंब उरलेला नसताना, काका समोरच्या फळीवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "ओलं आहे." हा निकाल लाकडापुरता नसतो. काकूंनी गच्चीवर घातलेले पापड ओले असतात, शेजाऱ्यांचं नवं घर ओलं असतं. कोणाचा दरवाजा ते वाजवतात तो आतल्या माणसाने यावं म्हणून नाही, तर दरवाजाचा आवाज ऐकायला म्हणून. आतून कोणी आलंच तर त्यांना व्यत्यय आल्यासारखं वाटतं. एका पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, मुलीकडच्यांनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या, आणि काका जागेवर नव्हते. ते सोफ्याखाली वाकून बोटाच्या पेराने ठोकत होते. वर येऊन त्यांनी यजमानांना प्रेमाने सांगितलं, की सागाचा म्हणून तुम्हाले आंब्याचा देला, अन् तोही ओला. ती सोयरीक जमली नाही. पुतण्या अजून त्यांच्या पाया पडतो, पण लांबून.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. आमच्या घरी पाहुण्यांपेक्षा पत्रकं जास्त यायची. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की मराठीत प्रत्येक मजकुराच्या शेवटी 'जाहीर निषेध' लिहावाच लागतो. कॉलेजात गेल्या गेल्या वृक्षतोडीविरुद्धचं पत्रक मी स्वतः लिहिलं आणि थेट त्यांच्या फाटकावर चिकटवलं. काका बाहेर आले, कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत वाचलं, मग एक कोपरा चिमटीत धरून म्हणाले, "कागद झाडाचाच आहे ना वं? अन् ओला आहे." ओला होताच, मागे खळ लावलेली होती. त्यावर मी त्यांच्याशी जंगल, ठेकेदार आणि येणाऱ्या पिढ्या या विषयांवर घसा बसेपर्यंत वाद घातला. माझी मतं आजही तीच आहेत आणि त्यांचा आराही चालूच आहे. पण घसा बसल्यावर त्यांनी चहा मागवला, आणि चहा घेऊन आली ती चंदना.

मुलीचं नावही त्यांनी लाकडावरूनच ठेवलं. ती शाळेत असताना तिने गिटार मागितली. काका दुकानात गेले, तिथल्या सगळ्या गिटारी ठोकून परत आले आणि म्हणाले, प्लायवूडच्या खोक्यावर माझी पोरगी वाजवणार नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः गिटार केली. शिसवाची पाठ, सागाचं पोट, आकार पिकलेल्या पपईसारखा. दिसायला खरोखर सुंदर. फक्त तारा लावायच्या राहिल्या होत्या, आणि लाकूड वाळल्याशिवाय तारा लावायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. ओलावा मोजायचं एक यंत्र असतं, मोबाईलएवढं, टोकाला दोन सुया. सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. काकांनी दर सणाला गिटारच्या पाठीत सुया टोचल्या आणि दर सणाला आकडा त्यांच्या मनासारखा आला नाही. पाठ चाळणीसारखी झाली. चंदना दुसऱ्यांच्या गिटारींवर वाजवायला शिकली, स्पर्धा जिंकली, इंजिनियर झाली. पपई आरामशीनच्या ऑफिसात खुंटीवर बिनतारांची लटकत राहिली.

यंदा तिला बेंगळुरूला नोकरी लागली. तिने एकदाच विचारलं. मी तिथेच होते, म्हणून शब्द सांगू शकते. "बाबा, मी सोमवारी जाऊन राहिली. तुमची द्यायची तर द्या, नाही तर रविवारी प्रदर्शनातून नवी घेते." काका म्हणाले, "काहून घाई करून राहिली वं? एक उन्हाळा अजून जाऊ दे." ती बॅग भरायला आत गेली. चंदना भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणातलं मला कळतं. काकूंनी मात्र भाजी ढवळताना मला हळूच सांगितलं, की ही दुसरी गिटार घेऊन गेली तर हा माणूस खुंटीकडे पाहत बसून मरून जाईन.

वाद्यांचं ते व्यापारी प्रदर्शन वाडीला, अमरावती रोडवरच्या एका रिकाम्या गोदामात भरलं होतं. प्रदर्शन म्हणजे गरज नसलेल्या माणसाला गरज चिकटवण्याची जागा, असं माझं म्हणणं आहे. ते मी रविवारी आम्ही तिघं काकांच्या टेम्पोतून जाताना मांडलं आणि काकांना ते एकदम पटलं, हा आमच्यातला पहिला एकमताचा क्षण. खरं लाकूड काय असतं ते त्या कंपनीवाल्यांना दाखवायला म्हणून त्यांनी आपली गिटार चादरीत गुंडाळून सोबत घेतली होती. ती टेम्पोत राहिली. यंत्र मात्र खिशात गेलं. पहिल्याच स्टॉलवर काचेसारखी चमकणारी परदेशी गिटार होती. विक्रेता तिच्या आवाजाचं वर्णन करत असताना काकांनी तिच्या पाठीत सुया टोचल्या आणि त्याला समजूत घालण्याच्या सुरात सांगितलं, "ओली आहे. तुमची चूक नाही." तिथून पुढे एक सुरक्षारक्षक आमच्या मागे चालू लागला. नव्या धर्तीची बिनडोक्याची गिटार आली, जिचे तारा पिळायचे कान खाली असतात. काकांनी विचारलं, हिचं मुंडकं ट्रकमध्ये राहिलं काय. कार्बनच्या गिटारवर यंत्राने आकडाच दाखवला नाही; तो त्यांनी यंत्राचा बिघाड धरला. चंदना पुढे पुढे चालत होती, एकेक गिटार हातात घेत होती, आणि काका प्रत्येक वेळी मागून आकडा सांगत होते.

मग तो पेडलचा स्टॉल आला. पेडल म्हणजे पायाने दाबायचा डबा. त्यातून जाताना गिटारचा आवाज बदलतो. त्या धंद्यात साध्या आवाजाला ड्राय म्हणतात आणि घुमणाऱ्या, प्रतिध्वनी मिसळलेल्या आवाजाला वेट. चंदनामुळे हे मला माहीत होतं. काकांना नव्हतं. नव्या पेडलवर एक फिरवायचं बटण होतं. डावीकडे लिहिलं होतं ड्राय, उजवीकडे वेट. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाकून वाचलं.

"पूर्ण ड्राय होते?"

"हंड्रेड पर्सेंट, सर," विक्रेता म्हणाला.

"किती दिवस लागतात?"

"दिवस कशाला, सर? लगेच. हे इकडे फिरवलं की झालं."

"अन् पुन्हा ओली नाही होत?"

"तुम्ही फिरवलं तरच, सर."

काका टेम्पोकडे जवळजवळ धावत गेले. चादर उलगडली तेव्हा विक्रेत्याने पाठीवरची भोकं पाहिली, मग तारांची रिकामी जागा पाहिली, आणि अदबीने म्हणाला, की तारा नसतील तर डब्यात काहीच जाणार नाही. वाळल्याशिवाय तारा लावायच्या नाहीत, आणि तारा लावल्याशिवाय वाळायची नाही. त्या गोंगाटात, चारी बाजूंनी गिटारी केकाटत असताना, काका आपली पपई छातीशी धरून उभे राहिले. मला राहवेना. खोटं सहन करायचं नाही हे माझं तत्त्व आहे. मी तोंड उघडलं आणि चंदनाने माझ्या पायावर पाय दिला, सगळं वजन टाकून. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर कुठल्याच पत्रकात मी काही वाचलेलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

"लाव मग," काका म्हणाले.

शेजारच्या स्टॉलवर तारा लावून मिळाल्या. पोटाला आवाज पकडायची टिकली चिकटवली, वायर डब्यात गेली, बटण डावीकडे गेलं, आणि चंदना स्टुलावर बसून वाजवू लागली. आवाज चांगला नव्हता. सागाचं पोट जाड होतं. कपाटात अडकलेला कोणी सभ्य माणूस आतून दार ठोकतोय असं वाटत होतं. चंदना मात्र अशी वाजवत होती की सुरक्षारक्षकसुद्धा थांबून ऐकू लागला. काका तिच्या मागे उभे होते. गिटारच्या पाठीच्या कडेवर तळहात, डोळे मिटलेले. तिने हात थांबवला तरी त्यांनी तळहात काढला नाही.

"वाळली वं," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. विक्रेता बिचारा प्रामाणिक होता. त्याने बटणाचा खरा अर्थ सांगायला सुरुवात केली. काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, ऐकून न घेता चादरीची घडी घातली, आणि गिटार चंदनाच्या हातात दिली. त्यांना किती कळलं होतं, हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

चंदना आता बेंगळुरूला आहे. सुटीच्या दिवशी ती फोनवर वाजवून दाखवते. तेवढा वेळ आरा बंद ठेवतात, आणि रस्त्यापलीकडचे दुकानदार वीज गेली का म्हणून विचारायला येतात. मागच्या खेपेला ती म्हणाली, इकडे पाऊस फार आहे, एक तार झणझणून राहिली, इथेच कोणाला तरी दाखवते. काका तिला हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मला विचारलं, रंधा गाडीत नेऊ देतात का. मी म्हटलं, नेऊ देत असतील. मग बेंगळुरूचं तिकीट काढून दे म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, तिची खोली लहान आहे, चार दिवसांत या परत.

मी फोन काढला आणि विचारलं, "काका, परतीचं कधीचं काढू?"

"ते आताच नको काढू," ते म्हणाले. "लाकडाचं काही सांगता येत नाही वं."