धाकलूला पाहुणा होता येईना

धाकलूच्या पायाला भिंगरीच होती म्हणा ना! डोंगराखालच्या कळंबचा गडी, पण तीस वर्षं माथेरानच्या एका हॉटेलात. दस्तुरी नाक्यावर पाहुणा उतरला की त्याची बॅग धाकलूच्या डोक्यावर गेलीच. मग चहा आण, गरम पाणी दे, संध्याकाळी पॉइंट दाखव. त्याची बायको आवडी लग्नानंतर एकदाच माथेरान बघायला वर गेली. नेमका त्याच दिवशी मोठा ग्रुप आला, आणि तिनं दिवसभर भटारखान्यामागं बसून लसूण सोलला. तिचं माथेरान तेवढंच.

म्हणून लेकीनं, अक्षदानं, दोघांना टूरबरोबर व्हिएतनामला धाडलं तेव्हा आवडीनं एकच अट घातली. "मला डोंगरबिंगर काय दावू नका. माझ्या शेजारी बसा म्हंजे झालं."

आता आली का पंचाईत! हॅनोईच्या विमानतळावरच धाकलू एका गोऱ्या म्हातारीची बॅग उचलून चालू लागला. म्हातारी किंचाळली, पोलीस धावला, टूरवाल्याला घाम फुटला.

"अवो, ती आपली पावणी नाय!" आवडीनं सदरा धरून त्याला मागं ओढलं.

पुढंही तेच. पाण्यावर बाहुल्यांचा खेळ रंगलेला, आणि हा उठून उशिरा आलेल्यांना खुर्च्या दाखवतोय. एका जुन्या देवळात सगळे आत गेले, तर हा बाहेर त्यांच्या चपला जोडीनं लावत बसला. जेवताना डोळा दुसऱ्यांच्या रिकाम्या ग्लासावर. जित्याची खोड, दुसरं काय! आवडी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची.

शेवटच्या दिवशी हालाँगच्या खाडीत बोटीची फेरी होती. समुद्रातून हिरवेगार डोंगर उभेच्या उभे वर आलेले. "अवो, त्यो बगा, आपल्या पेबच्या डोंगरासारखा!" म्हणत आवडी वळली. शेजारी पिशवी. धाकलू तिकडं बोटीवरच्या वेटरबरोबर कप विसळत होता.

आवडीच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. इतक्या लांब येऊनही लसूणच सोलायचा का? तिनं बसल्या जागेवरून खणखणीत हाक मारली, "ओ वेटर!"

धाकलूचं डोकं चालायच्या आधी पाय निघाले. खांद्यावर फडकं टाकून तो समोर हजर. "बोला मॅडम!"

सगळी बोट हसली. आवडी नाही हसली. "दोन चहा."

त्यानं आणले. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "दुसरा कोनाचा, ठाऊक हाय?"

धाकलू उभाच. हात फडक्याशी चाळा करत होते. "आवडे, माज्यानं बसवत नाय गं," तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला. चहा निवंस्तवर तरी बसा."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. तेवढ्यात टूरमधल्या कुणीतरी चेष्टेनं आवाज दिला, "ओ वेटर, इकडं पण!"

धाकलू अर्धा उठला. त्यानं आवडीकडं बघितलं, आणि परत बसला, या वेळी पाठ टेकून.

"वेटर सुट्टीवर हाय!" तो ओरडला.

चहा निवून पाणी झाला, तरी तो उठला नाही.