तिच्या मनगटावर माझे ठोके

दोन हजार सालाच्या आसपास मी पोलीस भरतीसाठी पळत होते. घर सावली तालुक्यातलं, ढिवराचं. बाप तलावात जाळं टाकायचा. मी गडचिरोलीत खोली करून राहायचे आणि माझ्यासोबत एटापल्लीच्या आतल्या एका गावची माडिया मुलगी होती. आम्हा दोघींना एक निवृत्त हवालदार शिकवायचे. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंड फार चालायचं.

सरांना नागपूरच्या भाच्याने एक घड्याळ दिलं होतं. छातीला पट्टा बांधायचा, मनगटाला घड्याळ, की काळजाचे ठोके मिनिटाला किती पडतात तो आकडा दिसतो. पट्टा आतून ओला करावा लागे, नाहीतर आकडा येत नसे. ठोके ठरवलेल्या हद्दीच्या वर गेले की घड्याळ ओरडायचं आणि आपण पाय आवरायचा. सरांचं म्हणणं, दोन महिने हळू पळा, काळीज तयार होऊ द्या, वेग मागून येतो. चामोर्शी रस्त्यावर सायकलवाले आम्हाला मागे टाकून हसत जायचे. मला ते मानवलं, मी मुळातच मंद. तिचा मात्र जीव जायचा. कोणी थांबवलं नसतं तर ती पोटेगावपर्यंत पळत गेली असती. "हे टिटवीवानी काऊन ओरडते वं?" म्हणून ती घड्याळावर चिडायची. पण दोन महिन्यांनी तिची वेळ इतकी उतरली, की बोलक्या सरांना काही बोलता येईना.

दुसरा नियम सकाळचा होता. पळण्याआधी रस्त्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं आणि आकडा सरांच्या वहीत लिहायचा. तिचा चोपन्न, माझा अठ्ठावन्न. दहाने वाढला तर त्या दिवशी पळणं बंद आणि सरळ दवाखान्यात जाऊन रक्त तपासायला द्यायचं. मलेरियाचा मुलूख आमचा. माणूस कबूल करत नाही तेव्हाही नाडी कबूल करते, असं सर म्हणायचे.

पट्टा आम्ही पंपाच्या खोलीमागे जाऊन कपड्यांच्या आत बांधायचो. सर तोवर रस्त्याकडे तोंड करून उभे. पट्टा नीट बसला का, हे विचारायलाही ते लाजत. त्यांना दिसायचं ते फक्त मनगट.

मी नापास झाले असते तर घरी जाऊन जाळी विणली असती. तिला घर उरलं नव्हतं. ती पोलिसात जायला निघाली हे आतल्या लोकांच्या, म्हणजे नक्षल्यांच्या, कानावर गेलं होतं, आणि तिच्या आईने निरोप धाडला होता की आता गावात पाय ठेवू नको. ही भरती हुकली असती तर तिला जायला जागाच नव्हती.

मैदान, म्हणजे भरतीची पळण्याची परीक्षा, चार दिवसांवर आलं तेव्हा एका सकाळी तिचा हात माझ्या हाताला लागला आणि मला चटका बसला. दात वाजत होते. सरांना सांगू, असं मी म्हटलं.

"सांगशील त मले दवाखान्यात टाकतील. मैदान गेलं म्हणजे मी कुठी जाऊ, सांग."

मग तीच म्हणाली, "पट्टा तू बांध. घड्याळ माह्या हातात राहू दे."

ते घड्याळ जवळ बसलेल्या कोणाच्याही छातीवरचा पट्टा पकडायचं, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. एकदा चुकून तसं झालं होतं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी पुलियावर आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. तिच्या मनगटावर अठ्ठावन्न आले. सर म्हणाले, चार वाढलेत, मैदानाची धास्ती असेल, आणि वहीत लिहिलं. मग पट्टा बदलायचं सोंग करून आम्ही खोलीमागे जाऊन आलो आणि घड्याळ माझ्या हातात आलं. पुन्हा अठ्ठावन्न. मला भीती वाटायला हवी होती. वाटली गंमत. आम्ही किती हुशार, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोळीने ताप उतरला, तेव्हा सुटलो असं वाटलं. तिसऱ्या दिवशी परत चढला. रोज सकाळी माझे ठोके तिच्या नावापुढे लिहिले जात होते.

तिचं मैदान माझ्या एक दिवस आधी होतं. ती पळाली आणि वेळेत आली. फाटकाबाहेर येऊन तिने सरांना वेळ सांगितली, पाणी प्यायली, आणि मग त्यांच्याशी माडियात बोलायला लागली. सरांना त्यातलं अक्षर कळत नसे, हे ती जाणून होती. सर आधी हसले. मग तिचे डोळे फिरले आणि ती खाली पडली.

जवळच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात तिला नेलं. ताप कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. सरांनी वही उघडली.

"ताप नव्हता, साहेब. आज सकाळी अठ्ठावन्न होती नाडी. मी माह्या डोळ्यांनी पाह्यलो."

मी तिच्या पायाशी उभी होते. तोंड उघडायचं होतं, बस. पण दुसऱ्या दिवशी माझं मैदान होतं, आणि सरांना कळलं तर ते मला मैदानाच्या दारातसुद्धा उभं करणार नाहीत एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी गप्प राहिले. डॉक्टरांनी ऊन आणि दमणूक समजून सलाईन लावलं. संध्याकाळी सर चहाला बाहेर गेले तेव्हा मी नर्सला हळूच सांगितलं की ताप चार दिवसांचा आहे. ती धावत गेली. रक्त तपासलं, मोठ्या दवाखान्यात हलवलं. मलेरिया मेंदूत गेला होता.

सकाळी मी मैदानावर गेले. पळाले. वेळेत आले. परतले तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढली होती.

ताप जुना होता, असं डॉक्टरांनी सरांना सांगितलं. सर ऐकेनात, वहीची पानं दाखवत राहिले. शेवटी मशीननेच धोका दिला म्हणाले आणि भिंतीला टेकून रडले. त्यानंतर त्यांनी कोणाला शिकवलं नाही.

तिची आई दुसऱ्या दिवशीच्या एसटीने आली, गावच्या एका माणसाला सोबत घेऊन. त्या माणसाने सरांचं सगळं बोलणं तिला माडियात समजावलं. तिने वहीकडे पाहिलंही नाही. माझ्यापाशी आली आणि तुटक्या मराठीत विचारलं, "ताप कवापासून?"

"एकच दिवस होता, बाई," मी म्हणाले.

ती माझ्या गालावर हात ठेवून माडियात काहीतरी बोलली. मला कळलं नाही म्हणून मी त्या माणसाकडे पाहिलं.

"म्हणते, मंग कोणाचाच दोष नाई," तो म्हणाला.